यंदा तळण नाही

उज्ज्वला गेली त्याला सहा महिने होऊन गेले होते, तरी कारखान्यात तिचंच चालत होतं.

सकाळी सव्वाअकराला भट्टीजवळच्या पडद्यावर अक्षरं यायची, ‘दोन मिनिटं थांबा. पाणी प्या.’ कढईवरच्या बायका झारे बाजूला ठेवून पाणी प्यायच्या. तेल अजून बरं दिसत असतानाच पडदा सांगायचा, ‘तिसऱ्या कढईतलं तेल काढा.’ मी म्हणायचो, अजून दोन घाणे आरामात निघतील. मग रंजना, म्हणजे आमची मुख्य तळणारी, म्हणायची, “नको भाऊ. वहिनी नको म्हणत्यात.”

“वहिनी आहेत कुठं आता?”

“ते मला काय विचारता? पडद्याला विचारा की.” आणि तेल काढायला लागायची.

मी विलास वेल्हाळ. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला आमचा फराळाचा कारखाना आहे. मला तळता येतं. बाकी काही येत नाही, बोलायला तर नाहीच. गिऱ्हाईक, फोन, पत्ते, पार्सल हे सगळं उज्ज्वलाकडं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. दोघांनी मिळून एका कढईवर सुरुवात केली होती.

आमची पहिली वेबसाइट तीन माणसांनी तीन गावांत बसून केली. दिसायचं पान एकानं, मागची यंत्रणा दुसऱ्यानं, आणि माहिती साठवायची जागा तिसऱ्यानं. दोन वर्षं बरी चालली. मग एका दिवाळीत एका बाईंनी आमच्या चकलीचा व्हिडिओ टाकला आणि चार दिवसांत चार हजार ऑर्डरी आल्या. आम्ही तळू शकत होतो नऊशे. पान मात्र प्रत्येकाला ‘मिळेल, मिळेल’ म्हणत राहिलं. उज्ज्वलानं तीन हजार लोकांना एकेक फोन करून माफी मागितली. तिचा आवाज बसला तो तुळशीच्या लग्नापर्यंत सुटला नाही.

त्यानंतर सानिका आली. सानिका डुबल, कऱ्हाडचीच. पुण्यात नोकरी करून कंटाळून परत आलेली. पहिल्याच दिवशी तिनं उज्ज्वलाला समजावून सांगितलं ते मलाही कळलं.

“काकू, पंगतीला तीन गोष्टी लागतात. वाढणारा, चूल आणि कोठी. तुमचा वाढणारा कोठीत काय उरलंय ते न बघताच ‘घ्या, घ्या’ म्हणत सुटलाय. चूल तिसरीकडंच पेटलीय. तिघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. मी तिन्ही एकाच हातानं बांधते.”

“आणि गिऱ्हाईक वाढलं की?”

“तर हे बांधलेलंही आपणहून वाढेल. तेच तर नवीन आहे.”

नवीन होतं ते असं. पूर्वी माणूस बसून प्रोग्राम लिहायचा आणि तो लिहिला तसाच राहायचा. २०३१ च्या सुमारास असे प्रोग्राम आले जे मालकाचं काम बघत बघत स्वतःला लिहितात. वरचं पान, मधली यंत्रणा, खालची कोठी, तिन्ही थरांत एकदमच. उज्ज्वला कोकणातल्या पार्सलला दुहेरी पिशवी घालायची, कारण तिकडच्या दमट हवेत चिवडा सादळतो. प्रोग्रामनं हे तीनदा बघितलं आणि विचारलं, ‘नेहमी असंच करायचं का?’ ती हो म्हणाली. मग रत्नागिरीचा पत्ता आला की पॅकिंगला आपोआप दोन पिशव्यांची सूचना जायला लागली. सानिका सांगायची, एखादी गोष्ट तीनदा दिसली की हा विचारतो, सातदा दिसली की विचारत नाही. करून टाकतो.

त्याच्यावर आमचा धंदा वाढला, खोटं बोलणार नाही. नऊशे डब्यांचे बावीस हजार झाले. एका शेडच्या तीन झाल्या. ऑस्ट्रेलियात डबे जायला लागले, आणि मेलबर्नची बाई लाडवात मनुका नको म्हणाली तर ते मला ओगलेवाडीत कढईजवळ उभ्या उभ्या कळायला लागलं. उज्ज्वलाला फोनवर ओरडावं लागेना. ती संध्याकाळी सहाला घरी येऊन टीव्ही बघायला लागली.

आणि मग एप्रिलमध्ये डोक्यात रक्तस्राव होऊन पाच दिवसांत गेली.

प्रोग्राम राहिला. तो तिच्यासारखा बोलत नव्हता. तिचा फोटो नव्हता, आवाज नव्हता. नुसत्या सवयी होत्या. फोटो असता तर मी तोंड फिरवलं असतं. पण पाणी प्या म्हणणाऱ्या अक्षरांकडं पाठ कशी करणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खात बसलो होतो. फोनवर निरोप आला. ‘नमस्कार. यंदा तुमची फराळाची ऑर्डर आली नाही. घरी सगळे ठीक आहात ना? – वेल्हाळ फराळ.’

माझंच दुकान मला विचारत होतं. का, तेही लक्षात आलं. दर वर्षी हंगामाआधी पहिली ऑर्डर उज्ज्वला स्वतः टाकायची, आमच्याच घरच्या पत्त्यावर. सगळं नीट चालतंय का ते तपासायला. कोठीत ग्राहक क्रमांक एक आम्हीच होतो. यंदा ती ऑर्डर टाकायला कोणी नव्हतं.

मला राग आला. डाव्या हातानं मी लिहिलं, ‘बायको गेली. यंदा तळण नाही.’ आणि फोन पालथा ठेवला.

तळण नाही म्हणजे घरात. ज्या घरात माणूस गेलं तिथं त्या वर्षी दिवाळीला कढई चढत नाही. शेजारपाजारचे, नात्यातले फराळ आणून देतात, तेवढाच तोंडात घालायचा. कारखान्यात मात्र दहा कढया पेटलेल्या होत्या आणि मी दिवसभर त्यांच्यासमोर उभा होतो. लोकांच्या दिवाळीला सुट्टी कशी देणार?

दोन-तीन दिवसांनी भट्टीजवळच्या पडद्यावर एक ऑर्डर आली. शेव पाव किलो, ओवा नको.

“आता पाव किलोसाठी वेगळं पीठ भिजवायचं?” मी म्हणालो. “कोण हा एवढा लाडोबा?”

“असंल कुणाचा तरी नवरा,” रंजना म्हणाली. बाकीच्या हसल्या.

मी पीठ वेगळं भिजवलं, सोऱ्या धुऊन घेतला आणि तो घाणा स्वतःच काढला. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्या लाडोबाला चार शिव्या जास्त बसल्या असत्या.

त्याच आठवड्यात पोंक्षे आले. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचे. सहा शहरांतल्या त्यांच्या दुकानांत आमचा फराळ वर्षभर ठेवायचा असं बोलणं उज्ज्वला असतानाच सुरू झालं होतं. तिलाच ते हवं होतं. दिवाळी संपली की कढईवरच्या बायका घरी बसतात, त्यांना बारा महिने काम मिळावं म्हणून. पोंक्षे दोन दिवस ऑफिसात लॅपटॉप उघडून बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

“वेल्हाळ साहेब, तुमच्याकडे गळती आहे.”

“कुठल्या शेडला?”

“छपराची नाही हो. मालाची. गेल्या दिवाळीत एकेचाळीस डबे असे गेलेत ज्यांची ऑर्डरच नाही. त्याच्या आधी सदतीस. साधा पत्र्याचा डबा, लेबल नाही, तुमचं नाव नाही. आणि ज्यांना गेलेत ते तुमचे ग्राहकसुद्धा नाहीत. यंदाही निघायला लागलेत. आतलं कोणीतरी माल बाहेर काढतंय.”

मी सानिकाला बोलावलं. तिनं यादी बघितली आणि एकेक पत्ता कोठीत शोधून ताडून बघितला.

“काका, हे पत्ते कोठीत आहेत. पण ग्राहक म्हणून नाहीत. आपल्या ऑर्डरच्या पानावर शेवटी एक प्रश्न आहे बघा. ‘तुम्ही घरी नसलात तर शेजारी कुणाकडे द्यायचं?’ मी काकूंना किती वेळा म्हटलं, काढून टाकू, आता कोणी शेजाऱ्यांकडे ठेवत नाही. त्या ऐकायच्या नाहीत. हे सगळे डबे त्या शेजाऱ्यांना गेलेत.”

“शेजाऱ्यांना कशाला?”

“विचारू या.”

तिनं यादीतला एक नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. नाशिकच्या गायधनी नावाच्या बाई होत्या. सानिकानं डब्याचं विचारलं.

“अगंबाई, म्हणजे तुम्ही पाठवला होता?” त्या म्हणाल्या. “एकदाच आला. गेल्या दिवाळीत. आत चिठ्ठी होती. थांबा हं, मी ठेवलीय ती.” खुडबुड ऐकू आली. मग त्या वाचायला लागल्या. “‘तुमच्या शेजारच्या घरी यंदा तळण नाही. हा फराळ तुमच्या घरचा म्हणून द्यावा. आमचं नाव सांगू नये.’ शेजारच्या जगतापांचा मुलगा गेला होता हो, अपघातात. आम्ही पडलो फ्लॅटमधली माणसं. मला कुठं माहीत असं काही द्यायचं असतं. चिठ्ठी वाचून लाज वाटली मला. नेऊन दिला.”

“काय म्हणाल्या जगतापबाई?”

“काही नाही. दारातच उभी राहिली, डबा धरून. आता माझी चांगली मैत्रीण आहे ती.”

पोंक्षे खिडकीतून बाहेर बघत होते. सानिकानं फोन ठेवला. पुढचं तिनं तासाभरात उलगडलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली नाही की उज्ज्वला फोन करून विचारायची, घरी सगळे ठीक ना. कोणी गेलं असेल तर शेजारच्या पत्त्यावर डबा पाठवायची. शेजारचा पत्ता तिनं त्यासाठीच मागून ठेवला होता. सात वेळा झाल्यावर प्रोग्रामनं विचारायचं बंद केलं. मग निरोपही तोच पाठवायला लागला आणि डबाही तोच.

“माझ्याशी कधी बोलली नाही,” मी म्हणालो.

सानिका म्हणाली, “बोलल्या असत्या तर तुम्ही काय म्हणाला असता?”

काय म्हणालो असतो ते मला माहीत होतं. कारण एकदा म्हणालो होतो.

बारा वर्षांपूर्वी माझी आई गेली. त्या दिवाळीला आमच्याकडं कोणी फराळ आणला नाही. एकही ताट नाही. लोक वाईट नव्हते. त्यांना वाटलं, यांचा कारखानाच फराळाचा, यांना आपण काय द्यायचं? पाडव्याला उज्ज्वला रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. मी म्हणालो, “एवढंच ना? शेडमधून पोतंभर आणतो.”

ती म्हणाली, “आपल्या हातचं चालत नाही.”

मी हसलो होतो. खरंच हसलो होतो. म्हणालो, चकलीला काय कळतंय कुणाच्या हातची ते.

ती परत त्यावर काही बोलली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ऑर्डरच्या पानावर शेजाऱ्याचा प्रश्न आला.

पोंक्षे माणूस वाईट नव्हता. म्हणाला, भावना समजते. पण कंपनीला जोडायचं तर त्यांचाच प्रोग्राम घ्यावा लागेल. त्यात प्रत्येक डब्याला ऑर्डर पाहिजे. आणि ही गोष्ट तुम्ही वेगळी, हातानं करू शकता की.

मी सानिकाला विचारलं, “एवढा एक नियम उचलून नव्यात घालता येईल?”

“नाही काका. तो नियम म्हणून कुठं लिहिलेलाच नाही. थोडा त्या प्रश्नात आहे, थोडा निरोपात, थोडा भट्टीच्या पडद्यावर, थोडा पॅकिंगमध्ये. काकूंनी जसं केलं तसा तो तिन्ही थरांत मुरलाय. थर सुटे केले की तो नाहीच. फक्त पाणी प्या, तेल काढा एवढं वेगळं लिहून देता येईल.”

“नको,” मी म्हणालो.

“का?”

“तिनं सांगितलं नाही तर ती अक्षरं ऐकायची कशाला? सानिका, मला रोज सव्वाअकराला वाटतं ती ऑफिसातच बसलीय. मी दोनदा जाऊन बघून आलोय. मला हे सोसत नाही. बंद कर.”

“काका, ती काकू नाही. नुसत्या सवयी आहेत.”

“आणि माझ्याकडं तिचं दुसरं काय आहे?”

बायकांच्या बारा महिन्यांच्या कामाचं मनात होतं, ते खरं. पण मी सही केली ती त्यासाठी नाही. मला शांतता पाहिजे होती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी जुना प्रोग्राम बंद झाला. दहा मिनिटं सगळे पडदे पांढरे होते. मग नवीन सुरू झाला. छान होता. अक्षरं मोठी, रंग निळा. दुसऱ्या दिवशी सव्वाअकरा वाजले आणि पडद्यावर काही आलं नाही. बायका तळतच राहिल्या. साडेअकराला रंजनानं झारा खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि एकटीच पाणी पिऊन आली.

मी त्या दिवशी लवकर निघालो. पाच वाजता घरी पोचलो, हातपाय धुतले. घराघरांतून भाजणीचा, तुपाचा वास येत होता. आमच्या घरात काहीच वास नव्हता. तेवढ्यात दार वाजलं.

शेजारचे तांबोळी सर होते. शाळेतून निवृत्त झाले त्यालाही पंधरा वर्षं झाली. हातात पत्र्याचा डबा.

“विलासराव, हे घ्या. आमच्याकडे जरा केलं होतं फराळाचं. म्हटलं तुमच्याकडे यंदा...” पुढचं त्यांना जमेना.

“तुमच्याकडं केलं? वहिनींचे तर गुडघे...”

“हो हो, गुडघे आहेतच. बसून केलं तिनं.” सर आयुष्यात कधी खोटं बोलले नसावेत. त्यांचे कान लाल झाले होते. “चकली जरा नरम असेल. सांभाळून घ्या.”

“या ना आत.”

“नको. येतो नंतर. डबा परत द्यायची घाई नाही.” आणि जिन्यावरून भराभर उतरून गेले. या वयात त्यांना असं उतरताना मी बघितलं नव्हतं.

मी डबा ओट्यावर ठेवून उघडला. वर चकल्या होत्या. अजिबात नरम नव्हत्या. काटा कसा उभा राहिलाय ते बघून मी आमच्या दुसऱ्या कढईची चकली ओळखतो. चार बेसनाचे लाडू, करंज्या, चिवडा. आणि एका कोपऱ्यात, कागदात वेगळी बांधलेली शेव.

मी एक काडी तोंडात घातली. ओवा नव्हता.

मला ओवा चालत नाही. लहानपणी पोट दुखलं की आई ओव्याचं पाणी नाक दाबून पाजायची. हे मी कोणाला सांगत नाही, फराळवाल्यानं काय सांगायचं. पंचवीस वर्षं उज्ज्वला घरी माझ्यापुरती शेव वेगळी काढायची. तीच तिनं ग्राहक क्रमांक एकच्या पुढं लिहून ठेवली असणार. पीठ मीच भिजवलं होतं. सोऱ्या मीच फिरवला होता. पण ती तांबोळी सरांच्या हातून आली होती. चालणार होती.

मी ओट्याजवळ उभा राहून ती सगळी शेव खाल्ली. मग सानिकाला फोन लावला.

“जुनं परत सुरू करता येईल?”

“नाही काका. कालच सगळं पुसून जागा दिली त्यांना. करारात होतं.” मग म्हणाली, “काय झालं?”

“डबा आला.”

“कुणाचा?”

“माझा.”

तिला कळलं असावं, कारण तिनं पुढं विचारलं नाही. म्हणाली, “बंद करायच्या आधी मी एक यादी काढून ठेवली होती. दर वर्षी ऑर्डर असते, यंदा नाही आणि डबाही निघालेला नाही अशी घरं. एकोणीस आहेत. त्यांना विचारलंय की नाही, ते आता सांगता येणार नाही. पाठवू?”

“नाव, नंबर, पत्ता. आणि शेजाऱ्याचा पत्ता.”

“तो नाही. नव्या कोठीत त्याला जागाच नव्हती. ते गेलं.”

यादी आली. तुळशीच्या लग्नापर्यंत फराळ चालतो, अजून दिवस होते. मी पत्र्याचे एकोणीस डबे बाजूला काढायला रंजनाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “वहिनींचे ना? ठेवलेत मी.” तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं बहुतेक, मी सोडून.

मग मी खुर्चीत बसलो. मी गिऱ्हाइकाला आयुष्यात कधी फोन केलेला नाही. पहिलं नाव सोलापूरच्या कोणा बोरामणीकरांचं होतं. बराच वेळ घंटी वाजली. एका म्हाताऱ्या माणसानं उचलला.

“हॅलो. मी वेल्हाळ. फराळवाला. कऱ्हाडहून बोलतोय.” मी यादीवर बोट ठेवलं. “यंदा तुमची ऑर्डर आली नाही. घरी सगळे ठीक आहात ना?”

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

“फोन नेहमी बाई करायच्या तुमच्याकडच्या,” ते म्हणाले.

“हो. ती गेली. एप्रिलमध्ये.”

“अरे अरे.” मग म्हणाले, “आमचीही गेली. श्रावणात.”

मी फोन कानाशी दाबून धरला होता. कागद समोर ओढला, पेनाचं टोपण दातांनी काढलं.

“बोरामणीकर,” मी म्हणालो, “तुमच्या शेजारी कोण राहतं?”